डबे आपले, जमीन दुसऱ्याची

रेल्वेचा डबा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं हे महाकर्मकठीण काम आहे असं सांगितलं की ऐकणारा हसतो. चाकं आहेत की त्याला! पण गोम तिथेच आहे. ती चाकं रुळावरच चालतात, आणि रूळ जिथे संपला तिथे त्यांचं कामही संपलं. १८-२० मीटर लांबीचं आणि २०-३० टनांपासून पुढे वजनाचं ते धूड एकदा तुटक रुळावर उभं राहिलं की चिखलात बसलेली म्हैस उठवणं परवडलं. दोन्ही टोकांना क्रेन लावायच्या, लांब बुटका ट्रेलर मागवायचा, रस्त्याची परवानगी काढायची, वळणावर कुणाचं कुंपण जाणार नाही ना ते आधी जाऊन मोजायचं. एवढं करून डबा नेला, तरी जिथे नेला तिथे त्याच मापाचा रूळ आधीच घालून ठेवलेला पाहिजे. नाहीतर ट्रेलरवरच संसार.

वजनाचं मला कळतं. उभी हयात बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमध्ये पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने, करण्यात गेली. कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू, नुसतं बघून किती किलोचं ते सांगायची खोड अजून गेलेली नाही. त्यामुळे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या बॅगिंटनला एका रेल्वे संग्रहालयात विजेवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांची ती रांग पहिल्यांदा बघितली तेव्हा माझ्या मनात इतिहास वगैरे काही आलं नाही. हे इथून नेणार कसं, एवढंच आलं.

न्यायचं होतंच. संग्रहालय बंद होणार हे तोवर ठरलं होतं.

बेळगावची बरीच इंजिनिअर पोरं कॉव्हेंट्रीच्या बाजूला आहेत, मोटारींचे कारखाने त्या भागात असल्यामुळे. आमचा भाचा त्यातलाच. आठवडाभर संगणकासमोर बसून शनिवारी जुना बॉयलर सूट चढवायचा आणि हातात पॉलिश पेपर घेऊन खिडक्यांच्या चौकटी घासत बसायचा. त्याच्या आईला हे कधीच पटलं नाही. "घरची खिडकी कधी पुसली नाहीस आणि साहेबाच्या डब्याच्या पुसतोस," हा तिचा फोनवरचा ठरलेला संवाद. २०१७ च्या सप्टेंबरात आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे होतो. शुक्रवारी रात्री तो म्हणाला, "मामा, उद्या येणार काय माझ्याबरोबर? राजवाडे काय, आज बघा उद्या बघा. हे बंद होणार, आणि तुमच्या कामाचं आहे."

इलेक्ट्रिक रेल्वे म्युझियम असं सरळसोट नाव. विमानतळाला लागून जागा. १९८०च्या दशकात इथे वाफेच्या इंजिनांचं केंद्र म्हणून सुरुवात झाली आणि पुढे विजेच्या गाड्यांच्या हौशी लोकांनी तिला आपलं रूप दिलं. पगारी माणूस कुणी नाही, सगळे स्वयंसेवक. जमीन कॉव्हेंट्री सिटी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या महापालिकेची. महापालिकेने जमीन विकासाला द्यायचं ठरवलं, आणि ८ ऑक्टोबर २०१७ ला संग्रहालय लोकांसाठी शेवटचं उघडलं. कागदावर गोष्ट एवढीच आहे. त्यात कुणी खलनायक नाही. मालकाला स्वतःची जागा हवी होती, झालं.

मुख्य रेल्वेमार्गाशी तिथला रूळ जोडलेला नव्हता. जे आलं ते रस्त्याने आलं, आणि जाणार तेही रस्त्यानेच.

विजेच्या गाड्यांचं दुखणं वेगळं असतं, ते मला तिथे उमगलं. वाफेचं इंजिन स्वयंपूर्ण असतं. कोळसा, पाणी आणि जाणता ड्रायव्हर मिळाला की दोन फर्लांग रुळावरसुद्धा ते शिट्टी मारत पुढे-मागे करतं आणि पोरंटोरं तिकीट काढून बसतात. विजेच्या गाडीला मात्र सगळा सरंजाम लागतो. कुणाला डोक्यावर २५,००० व्होल्टची तार, कुणाला रुळाशेजारी तिसरा रूळ आणि त्यात ६५० व्होल्ट. एका संग्रहालयाने हा खर्च करायचा कसा? म्हणून जुनी इलेक्ट्रिक गाडी चालती झाली तरी डिझेलच्या छोट्या इंजिनाने ओढली जाते. वाफेच्या इंजिनावर लोक जीव टाकतात, देणग्या देतात. कामावर जायची लोकल जपायला कोण पैसे देणार? आपण तरी बोरिवली फास्टच्या डब्यासाठी वर्गणी दिली असती का? त्यात जुन्या डब्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस भरलेलं असतं. ते काढायला खास माणसं आणि खास पैसे लागतात. अशा नकोशा झालेल्या गाड्या गोळा करणारी मंडळी म्हणजे चक्रमच म्हणायची. मला ती पहिल्या चहालाच आवडली.

तिथली सगळ्यात देखणी गाडी होती क्लास ५०३. १९३८ ची, तीन डब्यांची. लिव्हरपूलसमोरच्या विरल भागातून नदीखालच्या बोगद्यातून माणसं कामावर न्यायची-आणायची, ते १९८५ पर्यंत. तिची दारं हवेच्या दाबाने आपोआप सरकणारी. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत आपोआप बंद होणारी दारं एसी लोकलबरोबर रुळली, ती एसी लोकल धावली २५ डिसेंबर २०१७ ला. म्हणजे मी विरलच्या त्या दारासमोर उभा होतो तेव्हा मुंबईला ते यायचं होतं आणि त्या दाराची ऐंशी वर्षं भरत आली होती. पलीकडे क्लॅक्टनच्या समुद्रकिनाऱ्यावर माणसं नेणाऱ्या क्लास ३०९ च्या गाड्या. ताशी १०० मैल धावणारी ब्रिटनमधली ही पहिली विजेची डबागाडी, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची. आता तिच्या छपरावर ताडपत्री होती.

एका डब्यात सत्तरीचा एक गृहस्थ खिडकीच्या पितळी खिटीशी झटापट करत होता. जन्मभर वायरमनचं काम केलेला. भाच्याने ओळख करून दिली की हा माझा मामा, ओतकामातला. त्याबरोबर म्हाताऱ्याने खिशातून दुसरी खिट काढून माझ्या तळहातावर ठेवली. एक जुनी, मूळची, हातांनी झिजून कडा गोल झालेली. दुसरी नवी, त्यांनीच कुठूनतरी ओतून आणलेली. दिसायला जुळ्या बहिणी. पण नवी बसवली की खडखडायची, खिडकी घट्ट लागायची नाही. त्याला वाटत होतं ओतणाऱ्याने ढिलाई केली.

मी दोन्ही एकमेकींवर ठेवल्या आणि हसलोच. ओतणाऱ्याची काही चूक नव्हती. मूळ खिट हाच पॅटर्न म्हणून वाळूत दाबली होती. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. पॅटर्न करणारा ते गृहीत धरून लाकूड आधीच थोडं मोठं ठेवतो. आमच्याकडे त्यासाठी वेगळी फूटपट्टीच असते, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित लांब. मूळ वस्तूवरूनच साचा घेतला तर पोर आईपेक्षा बारीक निघणार. त्यात मूळ खिट झिजलेली, म्हणजे दोन्हीकडून तोटा. आता हे त्याला सांगायचं कसं? माझं इंग्रजी ऑर्डर-इन्व्हॉइसपुरतं. शेवटी बोटांनी दाखवलं, भाच्याने भर घातली, आणि मी त्याच्याकडची चिकटपट्टी मागून मूळ खिटीच्या कडांना दोन वेढे दिले. आता हिच्यावरून साचा घे म्हटलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवून ती बघितली, वहीत तारीख घालून चित्र काढलं, आणि चहा आणायला गेला.

परत येताना भाच्याला विचारलं, "अरे, महिन्याभरात गाशा गुंडाळणार आणि हे खिटीचं माप घेत बसलेत?"

"डबा कुठंतरी जाईल की मामा. तिथं पाऊस पडणार नाही होय?"

यावर काय बोलणार!

तो डबा खरंच गेला. क्लास ५०३ ची ती गाडी पुढे केंट परगण्यातल्या मार्गेटला, जुन्या इंजिन-डब्यांच्या एका मोठ्या गोदामात पोचली. बाकीचे डबे इकडेतिकडे. काही हौशी रेल्वेमार्गांकडे गेले, काहींच्या वाट्याला गॅस कटर आला. कुठला डबा वाचतो आणि कुठला नाही हे डब्याच्या दुर्मीळपणावर ठरतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मी जे ऐकलं त्यावरून आधी प्रश्न येतो मालक कोण हा. अशा ठिकाणी एकाच छपराखाली दहा मालकांच्या वस्तू असतात. हा डबा अमक्या गटाचा, तो तमक्याने स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेला, तिसरा संस्थेला कुणी देऊन टाकलेला. ज्याच्यामागे एक धडपड्या मालक असतो त्या डब्याला ट्रेलर मिळतो. 'सगळ्यांचा' असतो तो डबा मागे राहतो. आपल्याकडच्या भावकीच्या विहिरी आठवा.

त्या भागाचं पुढे काय झालं तेही सांगतो. त्याच बॅगिंटन परिसरात २०२१ मध्ये मोटारींच्या बॅटऱ्या बनवण्याचं तंत्र तपासणारं देशपातळीवरचं केंद्र उभं राहिलं. विजेच्या जुन्या गाड्या गेल्या, विजेच्या नव्या गाड्यांचं काम आलं. यावर कुत्सित काहीतरी लिहिण्याचा मोह होतो, पण आमच्या भाच्याचं पोट अशाच कामावर आहे.

या सगळ्यावर विचार करताना मला एक गोष्ट पटत गेली. उसन्या जागेवरची संस्था मालकाच्या कृपेवर जगते असं आपण म्हणतो. कृपा वगैरे क्वचित असते. ती जगते मालकाच्या दिरंगाईवर. मालकाला त्या जागेचं दुसरं काही करायचं सुचत नाही, किंवा सुचलं तरी फाइल हलत नाही, तेवढी वर्षं संस्थेची. आणि ही वर्षं थोडीथोडकी नसतात, त्यात एखाद्याची उमेद संपते आणि दुसऱ्याची सुरू होते.

ब्रिटनमधली वाफेची इंजिनं वाचली ती याच न्यायाने. वेल्समध्ये बॅरी नावाचं बंदर आहे. तिथे डाय वुडहॅम या भंगारवाल्याच्या आवारात रेल्वेने मोडीत काढलेली जवळपास ३०० इंजिनं येऊन पडली. त्यातली २१३ हौशी लोकांनी विकत घेऊन सोडवली. का सोडवता आली? वुडहॅमला इंजिनांचं प्रेम होतं म्हणून नव्हे. त्याच्या आवारात मालडब्यांचा ढीगही येत होता, आणि डबा तोडणं इंजिन तोडण्यापेक्षा सोपं. आधी डबे, मग इंजिनं, असं करता करता इंजिनं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वीस-वीस वर्षं गंजत उभी राहिली आणि तेवढ्यात लोकांनी वर्गण्या जमवल्या. मी भंगाराच्या व्यवहारात आयुष्य काढलंय, त्यामुळे सांगतो, भंगारवाल्याइतका थंड डोक्याचा जतनकर्ता दुसरा नाही. भाव मिळेपर्यंत तो वस्तूला हात लावत नाही.

दिरंगाई संपली की मात्र दणका बसतो. मँचेस्टरच्या पूर्वेला डिंटिंगला १९६८ पासून असंच एक केंद्र होतं, 'बहामाज' नावाचं १९३०च्या दशकातलं इंजिन सांभाळणाऱ्यांचं. भाडेकरार पुढे जमला नाही आणि १९९० मध्ये त्यांनी तळ हलवला, यॉर्कशरमधल्या इंग्रोला, दुसऱ्या एका हौशी रेल्वेच्या शेजारी. संस्था टिकली, इंजिनही टिकलं. २०१८ मध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर आलं. बॅगिंटनच्या मंडळींना जे जमलं नाही ते यांना जमलं, कारण यांच्याकडे हलवायला वस्तू मोजक्या होत्या आणि सगळ्यांचं मन एका इंजिनात होतं. असं माझं मत. बॅगिंटनला गोळा करण्याचा हात सैल होता. तो सैल होता म्हणून कितीतरी गाड्या तेवढी वर्षं जगल्या, हेही खरंच.

बेळगावच्या माणसाला दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधणं ही काही नवलाई नाही. आमच्या कॅम्पात बंगले आहेत, ऐसपैस व्हरांड्याचे, कौलांचे. त्यातल्या कित्येकांचा व्यवहार 'ओल्ड ग्रँट'चा. जमीन सरकारची, वरचं बांधकाम राहणाऱ्याचं. सरकारला वाटलं तर महिन्याची नोटीस द्यायची, बांधकामाची किंमत मोजायची आणि जमीन परत घ्यायची. शंभर-दीडशे वर्षं माणसं या अटीखाली राहिली, तिथेच लग्नं लागली, बारशी झाली, झाडं लावली. नोटीस कधी येईल हे माहीत नसताना आंब्याचं रोप लावायला एक प्रकारचा निगरगट्टपणा लागतो.

दुसरा नमुना शेताचा. आमचे आजोबा खानापूर तालुक्यात दुसऱ्याची जमीन कसत. देवराज अर्स मुख्यमंत्री असताना कर्नाटकात कूळकायद्याची मोठी दुरुस्ती झाली, १ मार्च १९७४ पासून लागू. कुळांनी फॉर्म नंबर ७ भरायचा, लँड ट्रिब्युनलपुढे उभं राहायचं आणि कसत असल्याचं दाखवायचं. 'फॉर्म नंबर सात' हे शब्द आमच्याकडे अजूनही देवाच्या नावासारखे उच्चारले जातात, आणि काही घरांत शिवीसारखे. तुमचे आजोबा बांधाच्या कुठल्या बाजूला उभे होते त्यावर ते अवलंबून. आमच्या आजोबांचं नाव उताऱ्यावर चढलं. जमीनमालक आमच्याच गावचे, त्यांच्या घरी नंतर बरीच वर्षं आमच्याकडून कुणी गेलं नाही.

हे मी भाच्याला तिकडे सांगितलं तर तो म्हणाला, मग या लोकांनाही तसा काही हक्क नाही होय, इतकी वर्षं राबलेत. नाही. नांगराला कायद्याने हक्क दिला, पान्याला कुणी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या रुळांचं काय झालं ते विसरून चालणार नाही. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ ची. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर या मुलखात धान्य पोचवता यावं म्हणून जे मार्ग आखले गेले त्यांचं काम या कंपनीकडे आलं. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग तिचा. लोंढ्याहून पुढे कॅसलरॉक, म्हणजे ब्रिटिश हद्दीचं शेवटचं ठाणं, आणि घाट उतरला की पोर्तुगीज गोवा. सगळं मीटर गेज, दोन रुळांत एक मीटरचं अंतर. १९७१ मध्ये पुण्याहून ब्रॉडगेज मिरजेपर्यंत आलं आणि आमची पंचाईत सुरू झाली. पुण्याला जायचं तर मिरजेला उतरा, ट्रंक डोक्यावर घ्या, दुसऱ्या मापाच्या गाडीत बसा. त्याच स्टेशनात कुर्डुवाडीकडची बार्शी लाइटची नॅरोगेजही उभी असायची. एका स्टेशनात तीन मापं. एवढं बघायला आज लोक पैसे देतील. तेव्हा आम्ही शिव्या देत होतो.

नव्वदच्या दशकात आमचाही मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याच सुमारास फाउंड्रीच्या आवारात भंगाराच्या ट्रकमधून ओतीव लोखंडाच्या जाड थाळ्या यायला लागल्या. त्यांना सीएसटी-९ म्हणतात. लाकडी स्लीपरऐवजी रुळाखाली घालायच्या ओतीव बैठका, दोन-दोनच्या जोडीने, मधून लोखंडी पट्टीने जोडलेल्या. लोखंड उत्तम. हमाल घणाने तिचे तुकडे करायचे आणि ते क्युपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत, जायचे. मी जेवणाच्या सुट्टीत त्या ढिगाशी उभा राहायचो ते त्यांवरच्या उठावाच्या अक्षरांसाठी. कारखान्याची खूण, साल, मापाची खूण, सगळं पॅटर्नमध्येच कोरलेलं. एका साच्यात 'एस' उलटा बसला होता. कुणातरी पॅटर्नवाल्याने दिवेलागणीला घाईत ठोकलेलं अक्षर, ते शेकडो स्लीपरवर उलटंच उमटत गेलं असणार, आणि त्यावरून गाड्या बिनदिक्कत धावल्या. मला त्याचा फार आधार वाटला. संध्याकाळपर्यंत ते सगळे पंपाच्या केसिंगमध्ये ओतले गेले होते. आमच्या भागातले काही बोअरवेलचे पंप म्हणजे खरं तर मीटर गेजच आहे.

हुबळीला २०२० च्या ऑगस्टमध्ये रेल्वेने संग्रहालय उघडलं, जुन्या दगडी घरांत, ज्यांना मलप्रभा आणि घटप्रभा अशी आमच्या नद्यांची नावं आहेत. चांगलं आहे, पोरांना घेऊन जरूर जावं. तिथे जमिनीचा प्रश्न नाही. जागा रेल्वेची, वस्तू रेल्वेच्या, माणसं रेल्वेची. उद्या कुणी उठवणार नाही. पण तिथे खिशातून खिट काढून तुमच्या हातावर ठेवणारं कुणी भेटत नाही. काच असते, पाटी असते, आणि पलीकडे खुर्चीवर शिपाई. मी तक्रार करत नाही. दोन्ही लागतात, आणि दुसऱ्या प्रकाराला पक्की जमीन जवळजवळ कधीच मिळत नाही, एवढंच.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. लोंढ्याकडच्या काही पोरांनी गेल्या पावसाळ्यात मला गाठलं. कुणाचा आजा सांधेवाला, कुणाचा गँगमुकादम, कुणाचा ड्रायव्हर. रेल्वेच्या जुन्या वस्तू जमवून गावात एक खोली लावायची त्यांच्या मनात आहे. देवस्थानाच्या पंचांनी कौलारू गोदाम वापरायला देऊ केलंय. आधी भाताची पोती असायची त्यात. अजूनही भिंतींना तूस चिकटलेलं आहे. पोरांनी तिथे हातकंदील, बिल्ले, शिट्ट्या, गणवेशाची बटणं, वेळापत्रकं आणि भरपूर फोटो आणून ठेवलेत.

पहिली गोष्ट मी त्यांना विचारली ती पावत्यांची. रेल्वेची वस्तू बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा कायदा आहे आणि रेल्वे सुरक्षा दलाला तो तोंडपाठ असतो. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला टोकनचा गोळा, म्हणजे एकेरी मार्गावर पुढे जायची परवानगी म्हणून ड्रायव्हरला द्यायचा तो धातूचा गोळा, ही आपल्याला आठवण वाटते, त्यांना मुद्देमाल. लिलावात घेतलेल्या वस्तूची पावती असेल तर ठेवा, नसेल तर फोटो काढा आणि ती वस्तू रीतसर कळवा. पोरांचे चेहरे पडले, पण ऐकलं.

दुसरी गोष्ट जागेची. ती मुलं भाबडी आहेत असं नाही, पण पंच गावचेच, काकाच लागतात, कागद कशाला, असा सूर होता. "दिलंय त्यांनी, खरं लिहून कसं मागायचं?" काका आहेत म्हणूनच लिहून घ्या म्हटलं. काका बदलतात, पुढच्या पंचवार्षिकाला दुसरे काका येतात. वर्षाच्या वर करार गेला तर नोंदणी करावी लागते म्हणून लोक ११ महिन्यांचा करतात आणि दरवर्षी नवा करायचं विसरतात. नोंदणीचा खर्च करा. वस्तूंची वही घाला. प्रत्येक वस्तूपुढे ती कुणाची ते लिहा, संस्थेची की घरच्याची, आणि उद्या हलवायची झाली तर कोण नेणार तेही. मग भाच्याला फोन लावून बॅगिंटनच्या ट्रेलरचा हिशेब त्यांना ऐकवला. तो आता शनिवारी क्रिकेट खेळतो. दुसऱ्या संग्रहालयात जा म्हटलं तर म्हणाला, तिथली माणसं वेगळी.

भांडण झालं ते वजनकाट्यावरून. एका व्यापाऱ्याने फार पूर्वी रेल्वेच्या लिलावात घेतलेला फलाटावरचा ओतीव काटा पोरांना फुकट मिळतोय, पावतीसकट. माझ्या नजरेला तीनशे किलोच्या आत नाही. माझा सल्ला असा की उसन्या जागेत दोघांना उचलता येईल तेवढंच ठेवावं. त्यांचं म्हणणं, मग लोकांनी येऊन बघायचं काय, बटणं? संध्याकाळ त्यातच गेली. त्यांच्यातली एक मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, सगळ्यांत कमी बोलत होती. ती म्हणाली, "काका, काटा सुटा होतो. मी बघितलंय. वरची पाटी, खांब आणि खालचं खोकं वेगवेगळं आहे. बोल्ट गंजलेत तेवढे सोडवून द्या."

दुसऱ्या दिवशी डिझेल आणि पाने घेऊन गेलो. खांबाच्या बुंध्याशी ओतकामात बारीक भेग होती, कुणीतरी कधीकाळी पितळेने झाळून बुजवलेली; काम बेताचंच. बोल्ट सुटले.

कराराचा मसुदा त्या मुलीनेच केलाय. जागा रिकामी करायची झाली तर सहा महिन्यांची मुदत, असं तिने घातलं होतं. पंचांनी खळखळ करून तीन कबूल केले. वजनकाट्याला तेवढे पुरतील.